हिनाच्या पासपोर्टावर रिठद नाही

उमा,

हिनाचा पासपोर्ट परवा हातात आला. निळाच आहे, पहिल्यासारखा, वर सोनेरी शेवंतीचं फूल. नितीन म्हणाला, माझ्या कपाटात ठेवतो. मी म्हटलं, नको बाबा, तुझ्या कपाटात बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या, मोटारसायकलचे कागद आणि मोजे एकत्र नांदतात. म्हणून तो माझ्याकडे आहे, चांगल्या साड्यांच्या खाली. आणि मी दर थोड्या वेळानं उठते, साड्या उचलते, तो जागेवर आहे ना हे बघून येते. वाळवी लागेल, ओल येईल, हिना त्यावर फुलं काढत बसेल, काहीही मनात येतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "ताई, पासपोर्ट कुठी पळून नाय जात." ते मलाही कळतं. पण पुढच्या महिन्यात नितीन हिनाला घेऊन तुझ्या आईकडे जपानला जाणार आहे, आणि तेव्हापासून माझी झोप गेली आहे.

आईविना पोर आजीला भेटायला चालली आहे, यात वाईट काय, असं शेजारपाजारचे म्हणतात. वाईट काहीच नाही. तुझी आई एकटी आहे, तिनं लेक गमावली, नातीला जवळ घ्यावंसं तिला वाटणारच. पण तिथं शाळा चांगल्या आहेत. तिथं नितीनला काम मिळेल. तिथं हिनाला कोणी "जपानची पोरगी" म्हणून वळून बघणार नाही. मी भावाला सरळ विचारू शकत नाही की बाबा, परत येशील ना. विचारलं आणि तो क्षणभर गप्प राहिला तर ते मला झेपायचं नाही. म्हणून तुला विचारते. तुला जाऊन अजून सहा महिनेही झाले नाहीत आणि काहीही झालं की तुला विचारायची सवय सुटलेली नाही.

तू आमच्या घरात आलीस तेव्हा आईला तुझं नाव जमेना. युमिको इशिदा. पुण्याला नितीनच्या कंपनीत दुभाषी होतीस तू, आणि त्यानं नोकरी सोडून शेती करायला गावी यायचं ठरवलं तर तूही त्याच्यामागे आलीस, हे आम्हाला पटायलाच वर्ष गेलं. आईनं दोनदा "युमिको" म्हणून पाहिलं आणि म्हणाली, "उमाच हाय ते. तिकडचे लोकं लांबवतात." लग्नात तांदळाच्या ताटात नितीननं अंगठीनं "उमा" लिहिलं. तू वाकून ते बघितलंस आणि मला विचारलंस, "ताई, पहिलं नाव कुठं ठेवायचं मग?" मला वाटलं तू गंमत करतेस. मी हसले. तू मात्र खरंच विचारत होतीस.

तू राग धरणारी नव्हतीस, हे आमचं नशीब. आमच्या रिठदच्या शिवारात पावसाळ्यात नजर जाईल तिथं सोयाबीन, पण घरात सोयाबीन कधी शिजलं नव्हतं. ते पोत्यात भरायचं आणि मोंढ्यावर न्यायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. तू ते भिजवलंस, मिक्सरमधून काढलंस, दूध गाळलंस, फाडलंस, फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवलास. संध्याकाळी पांढरी वडी आईपुढं ठेवलीस. आईनं चाखली, बराच विचार केला आणि म्हणाली, "ताप आलेल्या पनीरावानी लागते." तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी आईनंच त्या वडीला तिखट-मीठ लावून तव्यावर परतलं, आणि त्यानंतर ती घरची भाजी झाली. आता तुझ्यानंतर आई ती करते. फडकं तुझंच आहे. वडी मात्र फुटते, आणि आई दरवेळी फडक्याला दोष देते.

पण मला सांगायचं आहे ते नावाचं. हिनाच्या वेळी त्या नावानं आपल्याला किती पळवलं, आठवतंय?

वाशिमच्या दवाखान्यात हिना झाली. नितीन औषधं आणायला खाली गेला होता. नर्सनं नोंदीसाठी विचारलं, आईचं नाव काय. आपल्या आईनं मान ताठ करून सांगितलं, "उमा नितीन अवचार." खोटं काय होतं त्यात? सासूनं सुनेचं नाव सांगितलं, घरचं, दिलेलं, मधे नवऱ्याचं नाव घालून, जसं आमच्याकडे प्रत्येक बाईचं सांगतात. जन्माच्या दाखल्यावर तेच छापून आलं. आपण पेढे वाटले. दाखला तू पहिल्यांदा वाचलास तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत होतीस, डोक्याला रुमाल बांधलेली. तू मला हाक मारलीस आणि अगदी हळू म्हणालीस, "ताई, या कागदावर हिनाची आई मी नाय."

तेव्हा तू मला पहिल्यांदा सगळं समजावून सांगितलंस. तुमच्याकडे पासपोर्ट माणसाला एकट्याला मिळत नाही. आधी कुटुंबाचं नोंदपत्र, कोसेकी, त्यात नाव चढायला हवं. जन्म, लग्न, मृत्यू, सगळं त्यात. मी म्हटलं म्हणजे आमचा सातबारा, फक्त जमिनीच्या जागी माणसं, आणि ते तुला इतकं आवडलं की तू तुझ्या आईलाही फोनवर सांगितलंस. त्या सातबाऱ्यावर हिनाचं नाव चढवायचं तर जन्मापासून तीन महिन्यांच्या आत वकिलातीत कळवायचं, मुलीचं तिकडचं नागरिकत्व राखून ठेवतो असं लिहून द्यायचं. तीन महिने उलटले की ती तुझ्या देशाची कधी नव्हतीच, असं धरतात. आणि कळवायचं त्या दाखल्यावर आई म्हणून कोणी उमा अवचार होती, जिचा पासपोर्ट जगात कुठेही नव्हता.

त्या दिवसांत घरात रोज तेच भांडण. दाखला दुरुस्त करायला तुझी सही समोर हवी, आणि आई म्हणे, "सव्वा महिना झाल्याबिगर बाळंतीण उंबरा ओलांडत नसते. वारं लागलं तं कोण निस्तरन?" तू आईला समजावत बसायचीस, हात जोडून, "आई, वारं लागलं तं औषध हाय. तारीख गेली तं औषध नाय." आई ऐकेना. मी शिकवते त्या शाळेतून रजा टाकून रोज वाशिमला चकरा मारायचे, कोणत्या खिडकीवर काय लागतं ते विचारायला. मला रात्री स्वप्नं पडायची की तीन महिने काल संपले आणि कोणी मला सांगितलंच नाही. सव्वा महिना झाला त्या सकाळी तू आईच्या आधी उठून तयार होतीस. स्टँपपेपरवर लिहून दिलं, उमा नितीन अवचार आणि युमिको इशिदा या दोन बाया नसून एकच बाई आहे. नोटरीनं तुझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, परत तुझ्याकडे बघितलं. तू गंभीर चेहऱ्यानं म्हणालीस, "दोघीबी मीच हाव."

मग रिसोडला शकीलभाईंच्या स्टुडिओत फोटो. तुमच्या पासपोर्टाचा फोटो म्हणजे परीक्षाच. मागे सावली नको, तोंड बंद, डोळे उघडे, कान झाकायचे नाहीत, चेहरा ठरल्या मापाचा. आणि इकडे हिना, जिला झोपणं आणि रडणं एवढंच येत होतं. शकीलभाईंनी गादीवर पांढरी चादर अंथरली, स्टुलावर चढून वरून कॅमेरा धरला. तू चादरीच्या पलीकडे गुडघ्यांवर बसून तिला जपानीत काहीतरी म्हणत होतीस, आणि ती तुझ्याकडे टक लावून बघत होती. फोटो निघाला. शकीलभाई नाव लिहून घेताना थांबले. "हिना? माशाल्ला, हे तं आमच्यातलं नाव हाय." तू म्हणालीस, "आमच्यातलं बी हाय." आई घरी येऊन आठवडाभर सांगत होती की पोरीचं नाव एकदम तीन घरचं ठेवलं सुनेनं.

दाखला दुरुस्त झाला, मुंबईच्या वकिलातीत कळवणंही वेळेत झालं. मुंबईहून परत येताना तू पहिल्यांदा गाडीत गाढ झोपलीस, आणि मी हिनाला मांडीवर घेऊन जागी. तेव्हाच मला वाटायला लागलं होतं, आणि मी तुला ते बोलूनही दाखवलं, एकदा नाही, पुष्कळदा. रिठदची पोर, वाशिमला जन्मली, आईच्या हाताचं घुटी-काजळ घेतलेली, आणि तिला एकच पासपोर्ट, तोही तिकडचा. दोन देशांचे दोन इकडे चालत नाहीत. मग आपल्याच गावात राहायला तिला परदेशी म्हणून वेगळं कार्ड काढायचं, हे कुठलं शहाणपण? तू म्हणायचीस, "ताई, मीबी इथं परदेशीच हाव. काय बिघडलं?" मी म्हणायचे, तू आलीस, ती इथली आहे. तू थांबायचीस. तुझी ती थांबायची सवय मला भांडणात फार जड जायची, कारण तेवढ्या वेळात माझा राग ओसरायचा. मग तू म्हणायचीस, "मोठी झाली की तिले ठरवू दे. तोवर माह्या आईकडचं तिचं नाव पुसू नका."

हे भांडण आपलं संपलं नाही. अकोल्याच्या दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, तू ते परत काढलंस. डोळे मिटलेले होते, मला वाटलं झोपली आहेस. "ताई, हिनाच्या पासपोर्टाची तारीख..." मी म्हटलं, आधी तू बरी हो, मग सवडीनं भांडू. तू हसलीस. तारीख त्याच आठवड्यात उलटून गेली होती, ते तुला माहीत होतं का, हे मला अजून कळलेलं नाही.

तू गेलीस तेव्हा कागदांचं काम माझ्याकडे आलं, कारण नितीन भिंतीकडे तोंड करून बसला होता. दवाखान्याच्या टेबलावर मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म. मी तुझा पासपोर्ट पर्समधून काढला, टेबलावर उघडून ठेवला आणि एकेक इंग्रजी अक्षर मोठ्यानं सांगत गेले. समोरचा माणूस लिहीत होता आणि मी त्याच्या पेनाकडे बघत होते. त्यानं विचारलं, उर्फ वगैरे काही? मी म्हटलं, काही नको. उर्फ लिहिलं आणि मुंबईत कोणी अडवलं तर? ते नाव चुकू द्यायचं नाही एवढंच मला कळत होतं. मी रडले नाही तेव्हा. लोक म्हणाले, ताई कठीण काळजाची. लोकांना काय सांगायचं.

घरी आईनं तो दाखला हातात घेतला. तिला इंग्रजी येत नाही, पण मराठीत खाली लिहिलेलं तिनं बोट ठेवून वाचलं. युमिको इशिदा. परत वाचलं.

"ह्याच्यात माही उमा कुठी हाय?"

"आई, कागदावर तिचं खरं नाव लागते."

"म्या ठेवलेलं नाव खोटं व्हतं काय?"

मी म्हटलं, उमाचं नाव मेलेल्यांत लिहिलंच नाही, आई. कुठंच नाही. आईनं दाखल्याची घडी घातली. मग दाखला माझ्याकडे देत म्हणाली, "मंग राहू दे तसंच. नको लिहू." आणि चूल सारवायला उठली.

त्यानंतर तुझ्या आईचा फोन आला. दुभाषी आता नितीनच. तिला नात बघायची होती, तिचं वय झालं आहे, इतक्या लांब येणं तिला शक्य नाही. हिनाचा पासपोर्ट मुदत संपलेला. मुदतीत असता तर नुसता बदलून मिळाला असता. आता नव्यानं मागायचा, म्हणजे परत कोसेकीची ताजी नक्कल जोडायची. आधी तुझ्या जाण्याची नोंद वकिलातीतून तिकडे गेली, ती त्या सातबाऱ्यावर चढली, आणि मग तुझ्या आईनं तिच्या गावच्या नगरपालिकेतून नक्कल काढून पाठवली. पाकिटाबरोबर हिनासाठी मोजे होते.

मला त्यातलं अक्षर वाचता येत नाही. पण मागची नक्कल मी पाहिलेली होती, आणि या वेळी तुझ्या नावाच्या बाजूला एक छोटी चौकट होती, आत दोन अक्षरं, जी आधी नव्हती. नितीनला विचारलं हे काय. तो म्हणाला, "नाव कमी केलं." त्या चौकटीखाली हिनाचं नाव. आणखी कोणीच नाही. सहाव्या वर्षातली पोर, एवढ्या मोठ्या कागदावर एकटी. नितीननं कागद घडी करून पाकिटात घातला, आणि फॉर्मवर सही करायचा विषय निघाला की तो शेतात जायचा. वडिलांच्या सहीशिवाय अल्पवयीन पोरीचा पासपोर्ट निघत नाही. ती नक्कल सहा महिनेच चालते. मी रोज कॅलेंडरकडे बघायचे आणि त्याला काही बोलायचे नाही, आणि शेवटी एका दुपारी जेवताना बोललेच.

"सही कर ना बापा."

तो ताटाकडे बघत म्हणाला, "ताई, त्या पासपोर्टावर काय असते माहीत हाय तुले? आडनाव इशिदा. मूळ गाव म्हणून उमाच्या गावचा जिल्हा. बापाचं नाव नाय. कुठी जन्मली ते नाय. रिठद शोधून दाखव त्याच्यात. सही केली आन् पोरगी तिकडं रमली, तं मी कोणाचा?"

हे सगळं मीच तुला म्हणत आले होते. शब्दसुद्धा तेच. आणि तुझ्यासारखं थांबून शांतपणे उत्तर द्यायला मला जमत नाही. मी ओरडले त्याच्यावर. म्हटलं, तिची माय गेली. आता मायकडचं नावबी आपणच कापायचं काय? नितीन हात धुऊन आला आणि त्यानं पेन मागितला.

मग हिनाच्या सहीचा प्रश्न. फॉर्मवर ठरलेल्या चौकटीत पासपोर्टधारकाची सही हवी, ती तशीच पासपोर्टावर छापतात. मूल लिहू शकत नसेल तर आईबापांनी त्याचं नाव लिहून पुढे "आई" किंवा "वडील" म्हणून आपलं नाव लिहायचं. जुन्या पासपोर्टात ते तू लिहिलं होतंस. नितीन तसंच लिहायला लागला तर हिना मधे आली. "मले येते." तिनं पेन घेतला, जीभ बाहेर काढून, तू शिकवलेली तिकडची दोन अक्षरं काढली, आणि दुसऱ्याची शेपटी चौकटीच्या बाहेर गेली. रेघेला सही लागली तर चालत नाही. नवा फॉर्म काढला, परत तेच. मी तिला रागावले असं तुला वाटेल. नाही रागावले. मी तिला आधी रद्दीवर चौकट आखून दिली आणि ती आत बसेपर्यंत तिच्यासमोर मांडी घालून बसले.

फॉर्म घेऊन नितीन आणि मी मुंबईला गेलो. खिडकीतली बाई मराठी होती, पण जपानी सरसर वाचत होती. तिनं कोसेकी बघितली, फोटो बघितला, फॉर्म बघितला. मी मनात मोजत होते की आता ही काय मागेल आणि ते कुठल्या पिशवीत आहे. तिनं काही मागितलं नाही. मग माझ्याच्यानं राहवेना. मी विचारलं, "ताई, तुम्हाला वाचता येतंय म्हणून विचारते. यात आता पोरगी एकटीच राहिली का? मग हा कागद कोणाच्या नावावर झाला?"

तिनं कागद आमच्याकडे फिरवला. हिनाच्या नोंदीवर बोट ठेवलं. "हे जन्मठिकाण. हे बघा, वाशिम लिहिलंय, त्यांच्या लिपीत. हे वडील, अवचार नितीन." नितीन काचेला इतका टेकला की ती बाई थोडी मागे सरली. त्याला जपानी येतं, पण त्या दिवशी घरी त्यानं त्या चौकटीच्या पुढे काही वाचलंच नव्हतं. मग तिनं बोट सगळ्यात वर नेलं. "आणि नावावर म्हणाल, तर आईच्याच. युमिको इशिदा. कुटुंबात पहिलं नाव ज्यांचं असतं ते माणूस गेल्यावरसुद्धा बदलत नाही. मुलगी यात आहे तोवर वर हेच राहणार."

मी तिला थँक्यू म्हटलं की नाही, आठवत नाही. बाहेर आल्यावर नितीन फुटपाथवर उभा राहून रडला, तू गेल्यानंतर पहिल्यांदा, आणि मी त्याची पिशवी धरून उभी राहिले.

पासपोर्ट आता तुमच्याकडेच छापून येतात, त्यामुळे थांबावं लागलं. आणि घ्यायला मात्र पोरगी स्वतः हवी, कितीही लहान असली तरी. तिला नेलं. जाताना गाडीत मला एकच घोर. तू गेल्यापासून हिनानं जपानीत एक शब्द उच्चारलेला नव्हता. आजीचा फोन आला की ती खाटेखाली जाऊन बसायची. तिला तिथं काही विचारलं आणि ही गप्प राहिली, तर ही ती मुलगीच नाही असं म्हणतील का? नितीन म्हणाला, "ताई, तू काय बी मनात आणतं." खिडकीवर या वेळी एक जपानी साहेब होते. त्यांनी फोटो बघितला, हिनाकडे बघितलं आणि वाकून तिला तिच्या आईच्या भाषेत नाव विचारलं. तेवढं मलाही कळतं. हिना माझ्या पदरामागे गेली. मग पदरातूनच आवाज आला, बारीक, स्पष्ट, "इशिदा हिना देस." आणि साहेबांनी मान लववली तर तिनंही लववली, तुझ्यासारखी, हात मांडीला लावून.

मला आनंद झाला आणि त्याच क्षणी भीती वाटली. दोन्ही खरं आहे, उमा. ती तिथं रमेल हे मला त्या खिडकीवर दिसलं. तुझं ऋण माझ्यावर आहे, तू आमच्या घरात येऊन आम्हाला जे दिलंस ते मी कोणाला समजावू शकत नाही. पण माझ्या घरात आता एवढंच एक पोर आहे. तू असतीस तर मी हे तुझ्या तोंडावर म्हटलं असतं आणि तू थांबली असतीस.

आज दुपारी मी पासपोर्ट बाहेर काढला, पानं चाळली. समुद्राची आणि डोंगराची चित्रं आहेत आत. शेवटच्या पानावर रेघा दिसल्या, कोऱ्या. नितीनला विचारलं हे काय राहिलं भरायचं. तो म्हणाला, ते आपल्या हातानं लिहायचं असतं, राहण्याचा पत्ता, आणि खाली, काही बरंवाईट झालं तर कोणाला कळवायचं. मी जुना पासपोर्ट आणला. भोक पाडून परत दिलेला आहे तो. त्याच पानावर तुझं अक्षर, तुझं नाव, तुझा नंबर, आणि नात्याच्या जागी "आई".

नितीननं पेन माझ्यापुढं धरला. म्हणाला, "तू लिही. मी तं तिच्यासंगच राहीन. कळवाचं तं इथंच ना." मी इंग्रजीत, एकेक अक्षर सुटं, आधी रद्दीवर काढून मग लिहिलं. मुक्काम रिठद, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम. रेघ पुरली. खाली माझं नाव लिहिलं, नातं लिहिलं, आत्या. नंबर लिहिला. तीनदा पडताळून पाहिला. फोन आता मी उशाशी घेऊन झोपते, आवाज मोठा करून. काळजी मी करते आहे, उमा. तू नको करू.